समजून घ्या : कॉलेज सुटून वर्षं झाली, आता कायद्याच्या अर्जाला शिफारसपत्र कुणाचं घ्यायचं? डॉ. आंबेडकरांच्या चार शिफारशींची गोष्ट

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ म्हटलं की तानाजी मालुसरे आठवतात. उमरठहून पोलादपूरला यायचं आणि सावित्रीच्या काठाने खाली उतरत गेलं की महाड लागतं. त्याच्याही खाली, नदीच्या दक्षिण अंगाला मंडणगड तालुका आहे. त्या तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं मूळ गाव. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे. मात्र त्या तळ्यासाठी दहा वर्षं कोर्टात लढणाऱ्या या माणसाने बॅरिस्टरची पदवी कशी मिळवली, मध्ये शिक्षण तुटल्यावर कोणाच्या शब्दावर पुन्हा दार उघडलं, हा भाग फारसा सांगितला जात नाही.

आज हा प्रश्न अनेक तरुणांचा आहे. समजा, महाडच्या एमआयडीसीत सहा-सात वर्षं नोकरी केलेल्या इंजिनिअरला परदेशात कायदा शिकायचा आहे. अर्जात दोन शिफारसपत्रं मागितली आहेत. कॉलेजचे सर निवृत्त झालेत किंवा त्यांना चेहराही आठवत नाही. मग पत्र कुणाचं घ्यायचं? साहेबांचं, ओळखीच्या आमदारांचं, की जुन्या सरांना शोधून काढायचं?

बाबासाहेबांच्या आयुष्यात अशा चार शिफारशी दिसतात. प्रत्येकीतून या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग मिळतो. सविस्तर जाणून घेऊया.

पहिली शिफारस : बागेत वाचताना पाहणारे केळुसकर गुरुजी

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. सातारा आणि नंतर मुंबई असं शिक्षण झालं आणि १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलाने मॅट्रिक होणं ही तेव्हा सभा भरवण्याइतकी मोठी गोष्ट होती. तशी सभा भरलीही. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र या मुलाला भेट दिलं.

केळुसकर हे शिक्षक आणि लेखक. शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र त्यांनीच लिहिलं. ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. शाळा सुटल्यावर तिथेच येऊन पुस्तकात डोकं घालणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला होता. पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी भीमरावांना भेटायला बोलावलं, प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्या आधारावर एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. पूर्ण झालं.

केळुसकर संस्थानिक नव्हते, मोठे अधिकारीही नव्हते. पण हा मुलगा रोज काय करतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर शिफारस करणाऱ्याकडे स्वतःचा पुरावा होता.

दुसरी शिफारस : न्यूयॉर्कहून लंडनला गेलेली पत्रं

२ फेब्रुवारी १९१३ रोजी वडिलांचं निधन झालं. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. जुलैमध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं. सार्वजनिक वित्त, म्हणजे सरकार कर कसा घेतं आणि पैसा कसा खर्च करतं, हा सेलिग्मन यांचा विषय. १९१५ मध्ये आंबेडकर एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. ब्रिटिश भारतातल्या वित्तव्यवस्थेवरचा पीएच.डी.चा प्रबंधही तिथेच लिहिला.

१९१६ मध्ये त्यांना लंडनला जायचं होतं. एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरचा अभ्यास, असा बेत होता. ग्रेज इन ही लंडनमधल्या चार जुन्या वकिली संस्थांपैकी एक. सेलिग्मन यांनी लंडनमधल्या आपल्या ओळखीच्या अभ्यासकांकडे या विद्यार्थ्याची शिफारस केली. त्यात लंडन स्कूलच्या संस्थापकांपैकी एक असलेले सिडनी वेब आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल होते. ११ नोव्हेंबर १९१६ रोजी आंबेडकरांचं नाव ग्रेज इनमध्ये नोंदलं गेलं.

सेलिग्मन यांनी या विद्यार्थ्याचं लेखन वाचलं होतं, तपासलं होतं. शिवाय ज्यांना पत्रं गेली ते त्याच क्षेत्रातले होते. पत्र लिहिणाऱ्याचं नाव वाचणाऱ्याला माहीत होतं. शिफारसपत्राचं वजन असं दोन्ही टोकांना ठरतं.

पत्र आलं, तरी गैरसमज का झाला?

या पत्रव्यवहारातला एक प्रसंग आजच्या अर्जदारांनी लक्षात ठेवावा असा आहे. फॉक्सवेल यांनी लंडन स्कूलच्या सचिवांना कळवलं की, या गृहस्थांची डॉक्टरेट आधीच झालेली आहे आणि ते फक्त संशोधनासाठी आले आहेत. आपल्या संस्थेत त्यांनी मिळवावं असं आता काही उरलेलं नाही, असा त्यांचा सूर होता. म्हणजे विद्यार्थी कमी पडला म्हणून नाही, तर जास्त शिकलेला वाटला म्हणून दार बंद व्हायची वेळ आली.

प्रत्यक्षात आंबेडकरांना तिथे रीतसर पदव्याच घ्यायच्या होत्या. पुढे त्यांनी त्या घेतल्याही. पण वय वाढलेल्या, आधीच एक पदवी आणि अनुभव असलेल्या अर्जदाराकडे संस्था याच नजरेने पाहते. हा आता पुन्हा का शिकतोय, हा प्रश्न तिला पडतो. त्यामुळे अर्जदार हुशार आहे एवढं पत्रात असून भागत नाही. त्याला नेमकं काय शिकायचं आहे आणि आता का, हेही त्यात यावं लागतं.

तिसरी शिफारस : तुटलेलं शिक्षण राखून ठेवणारे कॅनन

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात आंबेडकरांना अभ्यास अर्धवट सोडून भारतात परतावं लागलं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या जहाजाने येत होती ते पाणतीराच्या हल्ल्यात बुडालं.

मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक काम करून घेतलं होतं. लंडन स्कूलमधले प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास शिक्षण पुढे चालू करता येईल, अशी ती परवानगी होती.

शिक्षण सोडताना परतीची सोय बघून ठेवणं किती महत्त्वाचं असतं, हे इथे कळतं. आपण बहुतेक जण कॉलेज सुटलं की सरांचा नंबरही जपून ठेवत नाही. पाच वर्षांनी अर्ज भरायची वेळ आली की मग शोधाशोध सुरू होते. आंबेडकरांनी शब्द घेतला तो निघताना, काम ताजं असताना.

महाराजांची मर्जी होती, तरी बडोद्यात खोली मिळाली नाही

करारानुसार आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला रुजू झाले. अमेरिकेत शिकून आलेल्या या तरुणाच्या पाठीशी खुद्द महाराज होते. यापेक्षा मोठी शिफारस कुठली? तरीही कार्यालयातले शिपाई कागद लांबून टाकत. शहरात राहायला जागा मिळेना. नाव लपवून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव तिथे आला आणि त्यांना बाहेर काढलं. ओळखीच्यांकडे विचारून झालं, कुणी ठेवून घेतलं नाही. सार्वजनिक बागेत वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

नोकरी देणाऱ्याची शिफारस होती. मात्र शेजारी, शिपाई आणि घरमालक यांच्यावर त्या शिफारशीचा काहीच अंमल चालला नाही. शिफारस कुठवर पोचते आणि कुठे संपते, हे त्यांना वयाच्या २६ व्या वर्षी कळलं.

चौथी शिफारस : माजी गव्हर्नरांची ओळख

मुंबईत शिकवण्या आणि इतर छोटी कामं करून झाली. मग सिडनहॅम कॉलेजमध्ये अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. ज्यांच्या नावाने हे कॉलेज होतं ते मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी आंबेडकरांचा लंडनमध्ये परिचय झाला होता. ती ओळख इथे उपयोगी पडली, असं चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवलं आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते रुजू झाले. पगार होता दरमहा ४५० रुपये.

ओळखीने जागा मिळाली, पण नाव झालं ते शिकवण्यामुळे. सुरुवातीला या प्राध्यापकाला फारसं मनावर न घेणारे विद्यार्थी नंतर तास चुकवेनासे झाले. इतर कॉलेजांतली मुलंही परवानगी काढून त्यांच्या तासाला बसू लागली. त्याच वेळी सहकाऱ्यांपैकी काहींनी प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर हरकत घेतली. कॉलेजात प्राध्यापक म्हणून चालणारा माणूस पाण्याजवळ मात्र चालत नव्हता.

१९२० : पुन्हा लंडनला कसे गेले?

नोकरी चांगली होती, पण मुदत संपत होती. लंडन विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदतही आणि हाताशी असलेला पैसाही. दरम्यान कामाचा व्याप वाढला होता. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी मताधिकाराबाबतच्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं. त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली.

त्याच मार्चमध्ये सिडनहॅमची नोकरी सुटली आणि जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. स्वतःची बचत, शाहू महाराजांचं साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं ५,००० रुपयांचं कर्ज, असा पैसा उभा केला होता. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. २८ जून १९२२ रोजी ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. नाव नोंदवल्यापासून साडेपाच वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र पहिल्यांदा स्वीकारला गेला नाही. त्यांनी तो सुधारून पुन्हा पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस तो मान्य झाला. त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती कॅनन यांनी. विशेष म्हणजे पुस्तकातल्या सगळ्या मतांशी कॅनन सहमत नव्हते. १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची. वर्ग सुटून नऊ वर्षं झाली होती, तरी गुरू-शिष्यांचा संबंध टिकून होता, कारण शिष्याचं काम त्यांच्यापर्यंत पोहोचत होतं.

आज अर्ज करताना यातून काय घ्यायचं?

आधी एक स्पष्ट करूया. भारतात कायद्याच्या पदवीसाठी सहसा शिफारसपत्र लागत नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ आणि महाराष्ट्रातल्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षेवर होतो. इंजिनिअरिंगनंतरही तीन वर्षांचा एलएलबी करता येतो. परदेशी पदवी घेऊन इथे वकिली करायची असेल, तर ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेली असावी लागते आणि परीक्षाही द्यावी लागते. हे आधी तपासा, पत्राचा विचार नंतर.

अमेरिकेतल्या कायदा महाविद्यालयांच्या अर्जात शिफारसपत्रं लागतात. ती बहुतेक वेळा एका मध्यवर्ती संस्थेकडे, लिहिणाऱ्याकडूनच थेट जातात. अर्जदाराला ती हाताळावी लागत नाहीत. साधारणपणे महाविद्यालयांचा ओढा प्राध्यापकांच्या पत्राकडे असतो. मात्र कॉलेज सुटून बरीच वर्षं झालेल्यांनी कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं पत्र दिलं तर ते अनेक ठिकाणी चालतं. प्रत्येक संस्थेचा नियम तिच्या संकेतस्थळावर पाहूनच ठरवा.

निवड करताना तीन प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला, या व्यक्तीने माझं काम प्रत्यक्ष पाहिलंय का? तुमचे अहवाल रोज वाचणारा विभागप्रमुख हा तुम्हाला लग्नसमारंभात भेटलेल्या आमदारापेक्षा चांगलं पत्र देईल. कायद्याचा अभ्यास म्हणजे वाचन, लेखन आणि युक्तिवाद. तुमच्या लेखनाबद्दल बोलू शकेल असा माणूस शोधा.

दुसरा, मला हे आता का करायचंय हे त्यांना माहीत आहे का? फॉक्सवेल यांचा प्रसंग आठवा. जुन्या सरांना नुसता मेसेज टाकून पत्र मागू नका. तुम्ही त्यांच्या वर्गात कोणत्या वर्षी होतात, कोणता प्रकल्प केला, तेव्हापासून काय केलं आणि कायदा का हवाय, हे एका पानात लिहून पाठवा. प्रकल्प अहवालाची प्रत जोडा. सरांना तुमचा चेहरा आठवला नाही तरी काम आठवू शकतं.

तिसरा, त्यांना पुरेसा वेळ दिलाय का? अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात मागितलेलं पत्र कुणाचंही असलं तरी घाईत लिहिलेलं दिसतं. आणि समोरच्याने आढेवेढे घेतले तर आग्रह धरू नका. मनाविरुद्ध लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला ओळखू येतं.

जे आत्ता नोकरी सोडतायत किंवा कॉलेजमधून बाहेर पडतायत, त्यांच्यासाठी कॅनन यांची गोष्ट आहे. अर्ज पाच वर्षांनी करायचा असला तरी निघतानाच सांगून ठेवा.

त्या पदवीचं पुढे काय झालं?

१९२३ मध्ये परतल्यावर आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. सनदेच्या पैशांसाठीही भथेनांची मदत घ्यावी लागली. बॅरिस्टरला कामं मिळायची ती सॉलिसिटरकडून आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम द्यायला तयार नसत. इथे सेलिग्मन किंवा कॅनन यांच्या नावाचा उपयोग नव्हता. छोटी अपिलं, जिल्ह्यातले खटले असं करत त्यांनी जम बसवला.

त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई विधिमंडळात एक ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. मांडणारे होते सीताराम केशव बोले, म्हणजे १९०७ च्या त्या कौतुकसभेचे अध्यक्ष. त्यानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर परवानगी आली, पण तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतले हजारो लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्यायलं. पुढे काही स्पृश्य रहिवासी कोर्टात गेले. तळं खासगी आहे, असा त्यांचा दावा होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला दुसऱ्या परिषदेसाठी लोक जमले होते, तरी आंबेडकरांनी कोर्टाचा हुकूम पाळून सत्याग्रह स्थगित केला आणि खटला लढवायचं ठरवलं. तो महाडमध्ये १९३१ ला जिंकला, नंतर ठाण्याच्या न्यायालयातलं अपीलही जिंकलं. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. तळं खासगी असल्याचा आणि तिथे अस्पृश्यांना मज्जाव करण्याची जुनी रूढी असल्याचा दावा टिकला नाही.

या काळात आंबेडकर स्वतः टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसले. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. एकेकाळी प्राध्यापकांच्या शब्दावर अवलंबून असलेला विद्यार्थी आता कायद्याच्या विद्यार्थ्यांना घडवत होता. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना कायद्याची मानद डॉक्टरेट दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

केळुसकर, सेलिग्मन, कॅनन आणि सिडनहॅम यांच्या शब्दाने शिष्यवृत्ती, प्रवेश, मुदत आणि नोकरी मिळाली. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी मात्र त्यांनी कुणाची शिफारस आणली नाही. ते पाणी हक्काचं आहे, हे त्यांनी कोर्टात सिद्ध केलं. पत्र कुणाचं घ्यायचं हे ठरवताना शिकून आल्यावर आपण कुणासाठी उभे राहणार आहोत हेही ठरलेलं असेल, तर अर्जातल्या ‘कायदा का?’ या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न उरत नाही.